माँल्यूकची एक रात्र : सुटकेचा चित्रपट आणि तुरुंगाचा इतिहास

या मालेत आतापर्यंत आपण बखरी पाहिल्या, पत्रव्यवहार पाहिला, दप्तरं चाळली. आज साधन म्हणून एक चित्रपट घेतलाय. चित्रपट फ्रेंच आहे, काळापांढरा आहे, १९५६ सालचा आहे. दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ. नावाचा मराठी अर्थ साधारण असा, ‘मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला’. म्हणजे शेवट नावातच सांगून टाकलाय. तो सुटणार की नाही, हा प्रश्न तिकीट काढतानाच मिटतो. मग दीड तास आपण काय बघत बसतो? तर एक माणूस चमच्याने दार कोरतोय, हे.

आधी घटना समजून घेऊ, मग चित्रपटाकडे येऊ.

१९४० साली फ्रान्स हरला. उत्तर भाग थेट जर्मनांच्या ताब्यात गेला आणि दक्षिणेत मार्शल पेताँचं विशी सरकार नावापुरतं स्वतंत्र राहिलं. लियाँ हे मोठं शहर या दक्षिण भागात येतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा दक्षिणेतही उतरल्या आणि ते नावापुरतं स्वातंत्र्यही संपलं. लियाँमध्ये भूमिगत चळवळीचं जाळं दाट होतं, त्यामुळे गेस्टापोही तिथे जोरात कामाला लागली. तिथल्या गेस्टापो विभागाचा प्रमुख होता क्लाउस बार्बी. माँल्यूक हा शहरातला जुना लष्करी तुरुंग जर्मनांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये आपल्या ताब्यात घेतला.

आंद्रे देविन्यी हा फ्रेंच लष्करातला तरुण अधिकारी. १९४० च्या लढाईत जखमी झालेला, पुढे एका गुप्तहेर जाळ्यात काम करणारा. एप्रिल १९४३ मध्ये तो पकडला गेला आणि माँल्यूकला आणला गेला. २० ऑगस्टला त्याला मृत्युदंड सुनावला. गोळ्या घालण्याची तारीख ठरली २८ ऑगस्ट. २४ आणि २५ ऑगस्टच्या मधल्या रात्री तो कोठडीतल्या दुसऱ्या कैद्याला बरोबर घेऊन पळाला आणि पुढे पाठलाग चुकवत स्वित्झर्लंडला पोहोचला. ११ वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याने ‘फिगारो लितेरेर’ या साप्ताहिकात ही हकिगत लिहिली. ती ब्रेसाँने वाचली. ब्रेसाँ स्वतः युद्धात जर्मनांचा कैदी होऊन आला होता, एवढं इथे लक्षात ठेवलं पाहिजे.

आता, सुटका म्हटलं की आपल्या मराठी कानाला काय ऐकू येतं? आग्रा. १६६६ आणि ते पेटारे. आपण सगळे शाळेत ती गोष्ट ऐकत वाढलो. पण त्यातले पेटारे आपल्या लक्षात राहिले. त्याआधी नजरकैदेत काढलेले दिवस, रोजचा पहारा, कुणावर विश्वास ठेवायचा याची घालमेल, हे सगळं दोन वाक्यांत उरकलं जातं. सांगलीचंही तेच. जुलै १९४३ मध्ये, म्हणजे देविन्यीच्या बरोबर एक महिना आधी, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून निसटले. तटावरून मारलेली उडी आणि दादांना लागलेली गोळी लोक आजही सांगतात. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव त्या दिवशी मारले गेले, हे सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो, आणि गोष्ट पुढे सरकते. उडी लक्षात राहते, हा स्मरणाचा स्वभावच आहे. हॉलीवूडने तर त्याच्यावर धंदा केला. १९६३ चा ‘द ग्रेट एस्केप’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. त्यातली मोटारसायकलची उडी सगळ्यांना आठवते. ती घडलेलीच नव्हती. घडलं होतं ते असं की मार्च १९४४ मध्ये ७६ जण भुयारातून बाहेर पडले, ७३ परत पकडले गेले आणि त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या.

ब्रेसाँच्या चित्रपटात उडी पहिल्या पाच मिनिटांतच आहे. आणि ती फसते. फाँतेनला, म्हणजे चित्रपटातल्या देविन्यीला, मोटारीतून तुरुंगाकडे नेताहेत. कॅमेरा त्याच्या हातांवर आहे. हात दाराच्या मुठीकडे सरकतो, मागे येतो, पुन्हा सरकतो. समोर ट्राम आडवी येते, गाडी थांबते, आणि तो दार उघडून पळतो. कॅमेरा त्याच्या मागे धावत नाही. रिकाम्या सीटवर तसाच थांबून राहतो. बाहेर आरडाओरडा, गोळ्यांचे आवाज. थोड्या वेळाने त्याला परत आणून त्याच जागी बसवतात आणि हातात बेड्या घालतात. पुढे काय प्रकारचा चित्रपट आहे, ते इथेच कळतं. शूरपणाची धाव आपल्याला दाखवलेली नाही. पकडून आणलेला माणूस दाखवलाय.

मग ते दार. कोठडीचं दार ओकच्या फळ्यांचं. ओक कठीण, त्याला हात लावण्यात अर्थ नाही. पण फाँतेन रोज त्या दाराकडे बघत बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की फळ्या एकमेकींना जिथे जोडल्यात तिथल्या पट्ट्या वेगळ्या, मऊ लाकडाच्या आहेत. हे ज्ञान त्याला कुणी दिलेलं नाही. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून तो दार वाचायला शिकला. जेवणाबरोबर आलेला एक लोखंडी चमचा तो परत देत नाही. जमिनीच्या सिमेंटवर घासून त्याला धार काढतो आणि पट्ट्या कोरायला लागतो. किती हळू? दिवसात थोडंसं. भुसा खाली पडला की तो गोळा करायचा. पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज आला की थांबायचं. कोरलेल्या फटी बाहेरून दिसू नयेत म्हणून झाकायच्या. असे कितीतरी आठवडे.

इथे आपल्यातले काही जण कंटाळतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ह्या कंटाळ्याकडे नीट बघावं. दप्तरात अशी सुटका एका ओळीत नोंदलेली असते, अमुक तारखेला अमुक कैदी पळाला. ती ओळ आणि ते आठवडे यांच्यातलं अंतर ब्रेसाँ आपल्याला चालायला लावतो. दोर कसा वळला? कांबळ्याच्या आणि गादीच्या खोळीच्या पट्ट्या फाडून, त्यांना पीळ देऊन, वर खाटेच्या जाळीची तार गुंडाळून. आकडे कशाचे? दिव्याच्या चौकटीचे. देविन्यी या चित्रपटाचा सल्लागार होता. त्याने वापरलेले दोर आणि आकडे त्याने ब्रेसाँला पाहायला दिले होते. चित्रीकरणाचा काही भाग प्रत्यक्ष माँल्यूकमध्ये झाला, कोठडी मात्र स्टुडिओत उभारली, मूळ कोठडीबरहुकूम.

फाँतेनचं काम करणारा फ्रांस्वा लतेरिए हा नट नव्हता, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. ब्रेसाँला नट नकोच असायचे. चेहऱ्यावर भाव आणू नका, वाक्य सपाट म्हणा, असा त्याचा आग्रह. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे रुचणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पुढच्या काही चित्रपटांत तो आग्रह आम्हालाही जाचतो. पण इथे तो चपखल बसलाय. कारण तुरुंगात माणूस चेहरा कोरा ठेवायला शिकतोच. नळाच्या ओळीत तोंड धुताना शेजाऱ्याशी बोलायचं, तेही ओठ न हलवता. शौचाची बादली रिकामी करायला जाताना चिठ्ठी द्यायची. अशा ठिकाणी कोरा चेहरा ही जगण्याची युक्ती असते.

आणि आवाज. पहारेकऱ्यांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. कठड्यावरून खरवडत जाणारी किल्ली, जिन्यावरचे बूट, बाहेरची ट्राम, लांबून जाणारी आगगाडी, यांवरूनच आपल्याला सगळं ओळखायचं आहे. शेवटच्या रात्री एक कुरकुर ऐकू येते आणि ती कशाची, हे कळत नाही. दोन भिंतींच्या मधल्या वाटेवर एक शिपाई सायकलवरून फेऱ्या मारतोय, तिची ती कुरकुर. अंधारात बसलेल्या कैद्याला जेवढं कळलं असतं, तेवढंच आपल्याला कळतं.

चित्रपटाच्या सुरुवातीला ब्रेसाँने लिहून ठेवलंय की ही गोष्ट खरी आहे आणि आपण ती जशी आहे तशी, कोणताही साज न चढवता देत आहोत. आता आपण इतिहासवाले असल्यामुळे असं वाक्य दिसलं की आपले कान टवकारायला हवेत. साज चढवला नाही, हे कबूल. पण काही काढलं का? काढलं, आणि बरंच काढलं.

पहिली गोष्ट. देविन्यीला अटक झाली ती नीसमध्ये इटलीच्या गुप्त पोलिसांच्या एका अधिकाऱ्याच्या हत्येनंतर. ती हत्या देविन्यीनेच केली होती. चित्रपटात फाँतेनवर हेरगिरीचा आणि घातपाताचा आरोप आहे, या हत्येचा कुठे उल्लेख नाही. हा तपशील छोटा नाही. चित्रपटाचा उत्तरार्ध सगळा एका प्रश्नावर उभा आहे की हा माणूस दुसऱ्या माणसाला मारू शकेल का. ज्याने आधीच मारलंय त्याच्या बाबतीत हा प्रश्न वेगळा होतो. ब्रेसाँने तो साफ करून घेतला. कलावंत म्हणून त्याचा तो हक्क, पण ‘जशी आहे तशी’ या शब्दांखाली हे वगळणं झाकलं जातं, याची नोंद आपण करून ठेवू.

दुसरी गोष्ट म्हणजे बार्बी. देविन्यीची चौकशी बार्बीच्या हाताखाली झाली. चित्रपटात ते नाव नाही. छळ पडद्यावर नाही, फक्त नंतरचा रक्ताळलेला चेहरा आणि शर्ट आहे. १९५६ साली बार्बी कुठे होता? बोलिव्हियात, क्लाउस आल्टमान या नावाने सुखाने राहत होता. फ्रेंच न्यायालयांनी त्याला गैरहजेरीत मृत्युदंड दिलेला होता आणि त्या कागदाचं काहीही होत नव्हतं.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक. त्या वर्षांत फ्रान्सला आपल्याच लोकांनी जर्मनांना केलेली मदत आठवायची नव्हती. आलाँ रेनेचा छळछावण्यांवरचा माहितीपट ‘रात्र आणि धुकं’ त्याच सुमाराचा. त्यात एका छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच पोलिसाची टोपी दिसत होती. सेन्सॉरने ती झाकायला लावली. एक टोपी! ब्रेसाँच्या चित्रपटात पहारा देणारे सगळे जर्मनच आहेत. पण तो प्रश्न त्याने पूर्ण टाळला असं म्हणता येत नाही. तो त्याने दुसऱ्या वाटेने, थेट फाँतेनच्या कोठडीत आणून बसवला. त्याकडे येऊच. त्याआधी ऑर्सिनी.

ऑर्सिनी हा दुसरा कैदी. त्याच्या बायकोनेच त्याला पकडून दिलंय. त्याला धीर निघत नाही, तयारी अर्धवट असताना तो पळायचा प्रयत्न करतो आणि सापडतो. गोळी घालण्याआधी त्याला थोडा वेळ कोठडीत परत आणतात. त्या वेळात तो फाँतेनला काय सांगतो? शेवटचा निरोप नाही, देशाचा जयजयकार नाही. तो सांगतो की दुसरी भिंत नुसत्या दोराने ओलांडता येत नाही, आकडे लागतील, आणि आकडे दिव्याच्या चौकटीतून काढता येतील. मग त्याला नेतात. शेजारच्या कोठडीत ब्लांशे नावाचा म्हातारा आहे, जगण्यावरचा विश्वास उडालेला, एकदा जीव द्यायचा प्रयत्न केलेला. तोच नंतर फाँतेनला सांगतो की तू यशस्वी व्हावंस म्हणून ऑर्सिनीला अपयशी व्हावं लागलं. आणि दोरासाठी आपलं कांबळं देऊन टाकतो.

आमच्या मते हा चित्रपट इथे उकलतो. नावात ‘एक कैदी’ आहे. पण मोजून बघा. बेडी साध्या पिनेने कशी उघडायची, हे भिंतीवर टकटक करणाऱ्या शेजाऱ्याने शिकवलं. बाहेर चिठ्ठ्या पोचवल्या त्या अंगणात फिरणाऱ्या तेरीने. कांबळं ब्लांशेचं. आकड्यांची अक्कल ऑर्सिनीची, आणि ती त्याच्या मरणाच्या भावाने मिळाली. यांतला एकही फाँतेनबरोबर भिंतीपलीकडे जात नाही. देविन्यीच्या हकिगतीत ही माणसं आहेतच, पण आत्मकथेचा स्वभाव असा की ती कडेला उभी राहतात. ब्रेसाँने त्यांच्या हातांना जागा दिली. पुरावा म्हणून त्याचा चित्रपट मूळ हकिगतीपेक्षा कमी भरवशाचा असेल, तरी या एका बाबतीत तो जास्त खरा आहे, असं म्हणायला आम्ही तयार आहोत. तुम्ही वाद घाला.

आता तो पोरगा. शिक्षा ऐकून फाँतेन परत येतो, आणि नशिबाने त्याच कोठडीत येतो, नाहीतर दार, दोर सगळं गेलं असतं. त्याच दिवशी कोठडीत दुसरा कैदी टाकतात. फ्रांस्वा जोस्त, वय १६. अंगावर अर्धा जर्मन गणवेश, अर्धे फ्रेंच कपडे. हा फ्रेंच मुलगा जर्मनांकडे भरती झालेला आणि तिथूनही पळालेला. तो खबऱ्या आहे का? विचारून कळण्यासारखं नाही. फाँतेनकडे दोन वाटा आहेत. त्याला सगळं सांगून बरोबर घ्यायचं, नाहीतर मारायचं. तिसरी वाट नाही, कारण कोठडी एक आहे आणि वेळ संपलाय.

सेन्सॉरने झाकलेली ती टोपी इथे परत येते, म्हणायचं तर. जर्मनांच्या बाजूला गेलेला फ्रान्स काढून टाकता येत नाही, तो तुमच्या खाटेशेजारी झोपलाय, आणि तो १६ वर्षांचा आहे, अंगाला वास येतोय, उवा झाल्यात. फाँतेन त्याच्याशी बोलत राहतो, त्याला तोलत राहतो. आणि शेवटी सांगून टाकतो.

हा चित्रपट झाल्यावर प्रश्न हमखास येतो, की पोरगा नाही म्हणाला असता तर? फाँतेनने स्वतःशी ठरवलेलं आहे, तो मारणार होता. त्या रात्री तो एका पहारेकऱ्याला मारतोही. ते आपल्याला दिसत नाही. तो भिंतीच्या कोपऱ्याआड जातो, आपण भिंत बघतो, तो परत येतो. पण पुढची उंच भिंत त्याला एकट्याला चढता आली नसती. जोस्तच्या खांद्यावर पाय देऊनच ती चढता येते. ज्याला मारायचा विचार केला होता, त्याच्याच खांद्यावर. ब्रेसाँ यावर काही बोलत नाही, संगीतही वाजवत नाही. मोझार्टच्या मासचे तुकडे चित्रपटात थोडेच आहेत, बरेचसे बादल्या घेऊन अंगणात उतरणाऱ्या कैद्यांच्या रांगेवर. चित्रपटाला एक दुसरं नावही आहे, योहानाच्या शुभवर्तमानावरून घेतलेलं, ‘वारा त्याला वाटेल तिथे वाहतो’. ज्यांना यात दैवी कृपा दिसते त्यांनी ती जरूर बघावी. आम्हाला खांदा दिसतो.

शेवटी पाटीबद्दल. चित्रपट उघडतो तो माँल्यूकच्या भिंतीवरच्या स्मृतिफलकावर. १० हजार माणसं इथे जर्मन ताब्यात होती, ७ हजार जिवंत राहिली नाहीत, असं त्यावर लिहिलंय. मग एका माणसाची गोष्ट सुरू होते. म्हणजे प्रेक्षकाला आधी हिशोब दिलाय, आणि मग त्यातला अपवाद.

हे १० हजार कोण? देविन्यी आत होता त्याच उन्हाळ्यात जाँ मूलाँ तिथे होते, चळवळीचे गट एकत्र आणणारे. २१ जून १९४३ ला पकडले गेले, छळामुळे जुलैत वारले. रेमाँ ओब्राक तिथे होते, त्यांना ऑक्टोबरमध्ये त्यांची पत्नी ल्युसी आणि तिच्या साथीदारांनी कैद्यांच्या गाडीवर हल्ला करून सोडवलं. अंगणात एक लाकडी बराक होती, तिथे ज्यूंना कोंबत. चित्रपटात ती बराक नाही. एप्रिल १९४४ मध्ये इझ्यू गावच्या आश्रमातून उचललेली ४४ ज्यू मुलं आधी माँल्यूकला आणली गेली, मग द्राँसीला आणि तिथून मरणाच्या वाटेला. त्यांच्या सुटकेचा प्रश्नच नव्हता. चमचा आणि दोर ही मोठ्या, एकट्या, अंगात ताकद असलेल्या माणसाची साधनं.

आणि मार्क ब्लोक. आपल्या विषयातल्या प्रत्येकाने हे नाव ऐकलंय. मध्ययुगाचा इतिहासकार, वय ५७, ‘आनाल’ नियतकालिकाच्या दोन संस्थापकांपैकी एक. साक्षीपुराव्याला प्रश्न कसे विचारायचे, त्यावरचं त्याचं पुस्तक अपुरं राहिलं, कारण ८ मार्च १९४४ ला गेस्टापोने त्याला पकडलं. छळ झाला. १६ जूनला माँल्यूकमधून काही कैद्यांबरोबर बाहेर नेऊन लियाँजवळच्या एका शेतात गोळ्या घातल्या.

तुरुंग पुढेही चालूच राहिला. अल्जेरियाच्या युद्धात, चित्रपट येऊन गेल्यावर काही वर्षांतच, फ्रेंच सरकारने अल्जेरियन स्वातंत्र्यसैनिकांना त्याच माँल्यूकमध्ये गिलोटिनवर चढवलं. १९८३ मध्ये बार्बीला बोलिव्हियातून आणलं तेव्हा मुद्दाम आधी तिथेच ठेवलं, थोडे दिवस. १९८७ मध्ये त्याला जन्मठेप झाली. आता तिथे स्मारक आहे.

ब्रेसाँचा चित्रपट संपतो तेव्हा ते दोघं भिंतीखाली उतरलेले असतात. पोरगा म्हणतो की आईने मला आत्ता बघायला हवं होतं. मग दोघं अंधारात चालू लागतात, आगगाडीच्या वाफेत दिसेनासे होतात. तारीख २५ ऑगस्ट १९४३ ची पहाट. माँल्यूक मोकळा झाला २४ ऑगस्ट १९४४ ला, संध्याकाळी. त्याच्या चार दिवस आधी, २० ऑगस्टला, तिथल्या सुमारे १२० कैद्यांना लियाँच्या दक्षिणेला साँ-जनी-लाव्हाल इथे नेलं आणि मारून टाकलं.